सुजलेला पाय आणि कोकणातली ओल: लिंफेडेमा झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पाय सुजून राहायला लागला की घरातला पहिला प्रश्न असतो, सूज कधी उतरणार? खरा प्रश्न वेगळा आहे: पाय वाढायचा थांबेल कसा? जुनी सूज पूर्ण उतरेलच असं नाही, पण तिची वाढ रोखता येते आणि बऱ्याच जणांचा पाय काही प्रमाणात हलकाही होतो. पाय वाढवतात ते मुख्यतः तापाचे झटके. थंडी वाजून ताप येतो, पाय लाल आणि गरम होतो, जांघेत अवधाण येतं. चार-आठ दिवसांत ताप जातो, पण पाय पूर्वीपेक्षा थोडा जाड राहतो. असे झटके वर्षानुवर्षं येत राहिले की कातडी जाड, खरखरीत होते आणि वळ्या पडतात. हे झटके आणणारे जंतू आत शिरतात ते बहुतेक वेळा पायाच्या बोटांच्या बेचकीतून, म्हणजे चिखल्या होतात तिथून. कोकणात चार महिने सगळंच ओलं असतं, त्यामुळे बेचकी कोरडी ठेवणं हेच इथलं मुख्य काम आहे. पट्ट्या, मोजे, व्यायाम यांचा फायदा हे काम सांभाळलं तरच होतो.

आधी नक्की करा, सूज कसली

रक्तवाहिन्यांतून पेशींपर्यंत झिरपलेलं पाणी आणि प्रथिनं परत नेणाऱ्या बारीक नळ्या पायात असतात, त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. पावसाळ्याआधी साफ न केलेल्या पन्हळीत पाला अडकला की पाणी भिंतीत मुरतं, तसं या नळ्या निकामी झाल्या की ते पाणी कातडीखाली मुरतं. या सुजेलाच लिंफेडेमा म्हणतात. नळ्या निकामी होण्याचं आपल्याकडचं ओळखीचं कारण हत्तीरोग. क्युलेक्स डास चावून शरीरात गेलेले धाग्यासारखे जंत या नळ्यांत काही वर्षं राहतात. पण कारण तेवढंच नसतं. गर्भाशयाच्या किंवा इतर कॅन्सरमध्ये जांघेतल्या किंवा ओटीपोटातल्या लसीकेच्या गाठी काढल्या असतील, तिथे रेडिएशन दिलं असेल, तरी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पाय सुजू शकतो. अतिलठ्ठपणा आणि जुन्या व्हेरिकोज व्हेन्समुळेही हेच होतं.

घरी एक खूण पाहता येते. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचला. निरोगी पायावर ती सहज उचलली जाते. उचललीच जात नसेल तर लिंफेडेमाची शक्यता मोठी. उचलली गेली म्हणून तो नाहीच, असं मात्र समजू नका. सुरुवातीच्या काळात ही खूण दिसत नाही.

हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्री करतात, कारण जंतांची पिल्लं रक्तात रात्री उतरतात. पाय सुजून वर्षं झाली असतील तर ती तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण जंत मरून गेलेले असतात आणि नळ्यांचं नुकसान तेवढं मागे राहिलेलं असतं. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पायाची निगा सोडू नका. उलट बाजूनं, हत्तीरोगावर देतात त्या डीईसीच्या गोळ्या जंतांवर असतात, त्यांनी जाड झालेला पाय बारीक होत नाही. त्या घेऊनही पाय तसाच राहिला म्हणून औषध खोटं ठरत नाही. लघवी होण्याच्या गोळ्यांचंही तेच. लिंफेडेमावर त्यांचा उपयोग नाही. हृदय किंवा किडनीसाठी दिल्या असतील तर मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

दोन गोष्टींत थांबायचं नाही. एकच पाय एक-दोन दिवसांत अचानक सुजला आणि पोटरी दुखते आहे, तर शिरेत गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ १०८ ला फोन करा. दोन्ही पाय सारखे सुजलेत, आडवं झाल्यावर धाप लागते, चेहरा सुजतो, तर हृदय, किडनी, लिव्हर तपासा. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः अॅम्लोडिपिननं, घोट्यांना सूज येते, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्या.

रोजचं धुणं

दिवसातून एकदा, शक्यतो संध्याकाळी कामं आटोपल्यावर. पावसाळ्यात आणि झटके येत असतील तेव्हा दोनदा. वीस मिनिटं लागतात. पसरट टब, मग, बसायला स्टूल, साधा अंगाचा साबण आणि जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे दोन धुतलेले तुकडे एवढं पुरतं.

१. आधी आपले हात धुवा, मग उजेडात पाय पाहा. बेचकी, टाच, तळवा, प्रत्येक वळी. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. जखम असेल तर तिला शेवटी हात लावायचा.

२. पाणी विहिरीचं चालेल, नळाचंही, पण साधं हवं. बंबातलं कढत पाणी नको. गरम पाण्यानं पायाकडे रक्त वाढतं आणि सूजही वाढते. मधुमेह असेल तर पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी नेहमी कोपरानं तपासा.

३. साबणाचा फेस हातावर करून गुडघ्यापासून खाली या. वळ्या बोटांनी उघडून आतून धुवा. बेचकीत साबण लावलेल्या कापडाची पट्टी हलकी फिरवा. नारळाची किशी, वजरी, ब्रश यांतलं काहीही वापरायचं नाही. घासून कातडीला पडलेले ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतूंना तेवढी वाट पुरते.

४. मगनं पाणी ओतत राहा, पायावरून उतरणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. साबण वळीत राहिला तर खाज सुटते.

५. टिपून कोरडं करा, रगडू नका. दुसऱ्या कापडाची कडा प्रत्येक बेचकीत घालून अलगद ओढा. मग पाय पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा. ही दहा मिनिटंच सगळ्यात जास्त वगळली जातात.

बेचकीतली कातडी पांढरी, भिजल्यासारखी दिसत असेल, सोलत असेल तर ती बुरशी, म्हणजेच चिखल्या. क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम दिवसातून दोनदा, पातळ थर. खाज थांबली की क्रीम बंद करतात आणि महिन्याभरात चिखल्या परत येतात. कातडी नीट दिसायला लागल्यावरही आणखी दोन आठवडे लावा. घाण वास, पिवळा स्राव, दुखणं असेल तर बुरशीबरोबर जंतूही आहेत. तिथे नुसत्या क्रीमनं भागत नाही, दाखवायला हवं. क्रीम मुरल्यावर बोटांमध्ये कोरड्या गॉजचा छोटा तुकडा ठेवा आणि ओला झाला की बदला.

पायातून पाणी पाझरत असेल तर डॉक्टरांना विचारून पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवता येतो. विहिरीत टाकतात तेच. खडे पूर्ण विरघळले पाहिजेत आणि रंग फिकट गुलाबीच हवा. जांभळं पाणी किंवा न विरघळलेला खडा कातडी भाजतो.

नडगी आणि पोटरीची कातडी कोरडी पडते, तिथे रात्री खोबरेल चालतं. बेचकीत तेल घालायचं नाही. टाचेच्या भेगांना कोकमाचं तेल लावायची आपली पद्धत चांगली आहे, पण ते चमच्यात वितळवून गरम गरम भेगेत सोडू नका, निवू द्या. आणि तेल रात्रीच लावा, कारण तेलानं दाबाच्या मोज्यातला रबर खराब होतो.

लावणीचे दिवस, बंदर आणि कातळ

या पायानं तासन्‌तास चिखलात उभं न राहणं सगळ्यात चांगलं. लावणीत वाटून घेता आलं तर मूठ बांधण्याचं, भाजीभाकरीचं काम घ्या. चिखलात उतरावंच लागलं तर गमबूट घाला, पण त्यात दोन फसगती आहेत. सुजलेल्या पोटरीला बुटाची वरची कड रुतते आणि पाणी वर चढायची वाटच बंद होते. काढल्यावर पोटरीवर खोल वळ दिसला तर बूट अरुंद आहे. दुसरी फसगत, आत शिरलेलं पाणी. दर दोन तासांनी बांधावर बसून बूट काढा, पाणी ओता, पाय पुसा, सुती मोजा बदला. रात्री बुटात रद्दी कोंबून ठेवा. ओल ओढून घेते.

पायाला कोकणात लागतं ते ठरावीक गोष्टींनी: चिऱ्याची कड, खडकावरची कालवं, शिंगाळ्याचा काटा, करवंदीची जाळी, काजूच्या बियांचा चीक. किरकोळ खरचटलं तरी लगेच गोड्या पाण्यानं आणि साबणानं धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा, झाका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते पाहा. काटा आत मोडला असेल तर सुईनं कोरत बसू नका. पायाला उघडी जखम असताना खाडीत, समुद्रात उतरू नये. मचूळ आणि खाऱ्या पाण्यात काही जंतू असे असतात की जखमेतून शिरले तर तासातासानं पसरतात. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांना त्यांचा धोका फार.

घरातही अनवाणी नको. सारवलेली जमीन, अंगण, मागीलदार, सगळीकडे चप्पल हवी. घरातली वेगळी ठेवली की कुणाची तक्रार राहत नाही. चप्पल रुंद, मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची घ्या, म्हणजे सूज कमी-जास्त झाली की सैल-घट्ट करता येते. मऊ रबराच्या एमसीआर चपला यासाठी चांगल्या. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय सगळ्यात मोठा असतो.

जोडवी आणि पैंजण हा नाजूक विषय आहे, पण बोलावंच लागतं. सुजलेल्या बोटातलं जोडवं रुतून बसतं, त्याखाली ओल राहते, आणि झटका आल्यावर ते कापूनच काढावं लागतं. सूज कमी असतानाच काढून ठेवा, चांगल्या पायातलं राहू द्या. परकराची नाडी आणि घट्ट इलॅस्टिक जांघेवर, कमरेवर आवळतं, तिथे रुंद पट्टी लावून घ्या.

झटका आला तर

पहिल्या तासात: काम सोडा, पट्टी-मोजा काढा, आडवं व्हा, पाय उशांवर घ्या. साध्या पाण्यात भिजवलेलं कापड पायावर ठेवा. पाणी पीत राहा. तापाला पॅरासिटामोल, मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी सहा तासांनी, लिव्हरचा त्रास असेल तर विचारून. दुखतं म्हणून ब्रुफेन किंवा तसली गोळी मनानं घेऊ नका. लाली जिथे संपते तिथे बॉलपेननं रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. ही रेघ पाहून डॉक्टरांना लाली किती वेगानं पसरते आहे ते नेमकं कळतं.

त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिक जितकं लवकर सुरू होईल तितका पाय कमी बिघडतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि गोळ्या फडताळात जातात. तसं करू नका, सांगितलेला कोर्स पुरा करा. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. ग्लानी, सतत उलट्या, लघवी कमी, पायावर फोड किंवा काळे डाग, औषधं सुरू होऊन दोन दिवस झाले तरी रेघेपलीकडे जाणारी लाली, यांपैकी काहीही दिसलं तर दाखल व्हायला हवं.

जून ते ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट डोक्यात ठेवा. शेतातून आलेल्या माणसाला थंडी-ताप आला आणि पाय आधीच सुजलेला असला की सगळे म्हणतात, पायाचाच ताप. तो लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणारा ताप) असू शकतो. पाय लाल-गरम नाही, पण पोटऱ्या आणि कंबर भयंकर दुखते, डोळे लाल झालेत, तर लेप्टोची तपासणी मागून घ्या. चिखलात काम केलं होतं हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

गरम शेक, बिब्बा, डाग देणं, जळवा लावणं, फोड टोचणं, जोरात मालिश, यांतलं काहीही करायचं नाही. सांगणारी माणसं मायेनं सांगतात, पण यातली प्रत्येक गोष्ट कातडी फोडते किंवा भाजते, आणि फुटलेल्या कातडीतूनच पुढचा झटका येतो.

वर्षात दोन किंवा जास्त झटके येत असतील तर लांब पल्ल्याच्या पेनिसिलिनबद्दल डॉक्टरांना विचारा. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन किंवा रोजची गोळी, असे दोन मार्ग आहेत.

दाब: पट्ट्या आणि मोजे

पाय धुणं स्थिरावलं, चिखल्या बऱ्या झाल्या, की दाबाकडे वळायचं. त्याआधी डॉक्टरांनी पायाच्या नाड्या तपासायला हव्यात. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.८ पेक्षा कमी असेल तर पूर्ण दाब देत नाहीत, ०.५ च्या खाली असेल तर दाब अजिबात नाही. तंबाखू-विडीवाले आणि मधुमेही यांनी ही तपासणी टाळू नये. हृदय कमजोर असेल तरी आधी विचारा.

सुरुवातीला पाय मोठा असतो तेव्हा पट्ट्या, सूज उतरून स्थिर झाली की मोजे. उलट केलं तर महागडा मोजा महिन्यात ढिला होतो. पट्ट्या शॉर्ट स्ट्रेच लागतात, म्हणजे कमी ताणल्या जाणाऱ्या. चालताना स्नायू फुगतो, पट्टी हटत नाही, त्यामुळे पाणी वर ढकललं जातं. झोपल्यावर तिचा दाब आपोआप कमी होतो. मेडिकलमध्ये मिळणारी लवचीक, खूप ताणली जाणारी पट्टी झोपेतही आवळत राहते, ती रात्री बांधून झोपणं धोक्याचं. साधं क्रेप दोन तासांत सैल पडतं.

बांधणं फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिका, शक्यतो घरातल्या एका माणसाला बरोबर घेऊन. क्रम असा: आधी सुती नळीसारखं कापड, मग बोटांना बारीक गॉज, मग कापसाचा किंवा फोमचा थर. वळ्यांच्या खाचा या थरानं भरून पाय सारखा गोल करायचा, नाहीतर पट्टी खाचेत रुतते. मग पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून ८ सेंटिमीटर रुंद पट्टी, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात, आणि पुढे १० किंवा १२ सेंटिमीटरची गुडघ्याखालपर्यंत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा. ताण सगळीकडे सारखा ठेवा. घोटा बारीक असल्यानं तिथे दाब आपोआप जास्त पडतो. टाच उघडी सोडू नका, सूज त्या खिडकीतून बाहेर फुगते. सूज मांडीपर्यंत असेल तर पट्टीही मांडीपर्यंत.

बांधून झाल्यावर बोटाचं नख दाबून सोडा. दोन-तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. बोटं गार, निळसर, मुंग्या, वाढतं दुखणं, यांपैकी काही झालं तर रात्र असली तरी पट्टी सोडा.

मोजे सहसा क्लास २ (२३ ते ३२ मिमी पारा) किंवा क्लास ३ (३४ ते ४६) लागतात. मापं सकाळी किंवा पट्टी सोडल्याबरोबर घ्यावीत. वळ्या असलेल्या पायाला मापानं शिवलेला, सपाट विणीचा जाड मोजा लागतो, तयार गोल विणीचा खाचेत गुंडाळतो. सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडण्याआधी घाला. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की मोजा सहज वर सरकतो. वरची कड दुमडायची नाही; दुमडली की ती दोरीसारखी आवळते. दोन जोड हवेत, एक पायात, एक वाळत. पावसाळ्यात ते लवकर सुकत नाहीत, म्हणून जाड टॉवेलात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली आडवे पसरा. चुलीवर, वायनावर टांगू नका. अर्धवट ओला मोजा घालण्यापेक्षा एक दिवस पट्टी बरी. साधारण सहा महिन्यांत दाब कमी होतो, मग बदला.

उठणं, बसणं, चालणं

बसून राहणं आणि उभं राहणं, दोन्हींनी सूज वाढते, चालण्यानं कमी होते. दिवसातून दोन-तीनदा, पट्टी किंवा मोजा घालून: पाऊल वर-खाली पंधरा वेळा, घोटा दोन्ही बाजूंनी गोल फिरवणं दहा वेळा, खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं दहा वेळा, खिडकीचा गज धरून टाचा उचलणं दहा वेळा. सावकाश, मध्ये मध्ये पोटापर्यंत खोल श्वास घेत. ताप असताना व्यायाम बंद.

पाटावर मांडी घालून बसलं की गुडघा आणि जांघ दोन्हीकडे वाट दाबली जाते. स्वयंपाक, निवडणं-टिपणं खुर्चीवर बसून करा, पाय समोर स्टुलावर. रात्री पलंगाच्या पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा ठेवा. नुसत्या गुडघ्याखाली उशी ठेवू नका, गुडघा वाकलेला राहतो. झोपल्यावर धाप लागत असेल तर पाय उंच करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाखाडी चढताना आधी चांगला पाय, मग सुजलेला. उतरताना आधी सुजलेला. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा, तळाचं रबर झिजलं की बदला. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं. पाय जड असला की तोल सावरत नाही, म्हणून मे अखेरीस पायऱ्या घासून घ्या आणि एका बाजूला लोखंडी पाईपचा कठडा बसवून घ्या. उकिडवं बसवत नसेल तर संडासावर ठेवायची खुर्ची मिळते. पडवीतून न्हाणीकडे जायच्या वाटेवर रात्री दिवा असू द्या.

वजन कमी झालं की पाय हलका होतो, हे अगदी खरं आहे. मात्र सूज प्रथिनांची आहे म्हणून मासे-डाळ बंद करू नका, त्यानं उलट नुकसान होतं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात असल्याशिवाय चिखल्या बऱ्या होत नाहीत. पुरुषांमध्ये हत्तीरोगानं अंडवृद्धी होते आणि ती लपवली जाते. तिच्यावर शस्त्रक्रिया आहे, सरकारी रुग्णालयातही होते, आणि पायापेक्षा तिचा निकाल लवकर लागतो.

वही, प्रवास, कागद

एका वहीत महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच ठिकाणी टेपनं माप घ्या: पावलाचा मध्य, घोटा, घोट्यापासून १० आणि २० सेंटिमीटर वर, गुडघ्याखाली. दुसऱ्या पायाचंही. झटका आला तर तारीख आणि औषध. दोन महिने सलग माप वाढलं तर मोजा ढिला झालाय किंवा बेचकीत काहीतरी चाललंय, आधी तिथे पाहा.

मुंबईला जायचं असेल तर मोजा घालूनच निघा. कोकण रेल्वेत तासाभरानं डब्यात एक फेरी मारता येते, एसटीत मधल्या वाटेकडची सीट घ्या आणि थांब्यावर उतरा. पिशवीत क्रीम, साबण, सुती कापड, जादा मोजा, पॅरासिटामोल आणि डॉक्टरांची चिठ्ठी. गणपतीत सगळ्यांची कामं पायावर उभी राहून होतात, तेव्हा दुपारी अर्धा तास पाय वर घेऊन पडायचंच, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आरोग्य केंद्रातल्या हिवताप-हत्तीरोगाच्या कर्मचाऱ्यांकडे किंवा आशाताईंकडे नाव नोंदवा. टब, मग, साबण, टॉवेल, क्रीम असा संच हत्तीरोगाच्या रुग्णांना सरकारी हत्तीरोग कार्यक्रमातून दिला जातो. चालण्यात कायमचा अडथळा असेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयातल्या मंडळाकडे होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तपासणीला जाताना मापांची वही, झटक्यांच्या तारखा आणि जुने केसपेपर न्या, आणि त्या दिवशी पट्टी सहज सोडता येईल अशी बांधा.